भाचीला घरातनंच दहावी करायची आहे, माहितगारांनी सांगा

प्रेषक: जांबोटीकडचा मामा, सध्या लेस्टर

नमस्कार मंडळी,

आज घरातला विषय घेऊन आलोय. माझी बहीण खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं राहते, तिची मुलगी आता सतरा वर्षांची. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीला, गणित आणि विज्ञान दोन्ही राहिलं, त्याच वर्षी भाऊजी आजारी पडले आणि शाळा सुटली ती सुटलीच. आता गावातच शिवणकाम करते, हात चांगला आहे पोरीचा. परवा फोनवर म्हणाली, मामा मला दहावी पुरी करायची आहे खरं बारक्या पोरांच्यात परत वर्गात बसवत नाही, आणि आईला एकटं टाकून बेळगावात खोली घेऊन राहू कशी. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी बाहेर पडलो, शिकलो, आणि घरातली मुलगी दहावीला अडकून बसली.

इथं इंग्लंडात घरी शिकणारी मुलं प्रायव्हेट कँडिडेट म्हणून जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा, देतात, परीक्षा केंद्र मात्र आईबापांनीच शोधायचं आणि फी पण त्यांनीच भरायची. आपल्याकडं घरातनं दहावी कशी करतात? एनआयओएस ऐकून आहे. ते नोकरीला, पीयूसीला (अकरावी-बारावीला) चालतंय काय? मराठीतनं होतंय काय? आणि मी लॅपटॉप पाठवला तर भागेल काय?

---

प्रेषक: वडगावची काकू, सध्या मुलाकडं न्यू जर्सीत

मामा, तुमचं पत्र वाचून लगेच बसले लिहायला, कारण माझ्या धाकट्या जावेच्या मुलीची दहावी आम्ही अशीच घरातनं करून घेतली, आणि पहिलं वर्ष आमचं फुकट गेलं म्हणून सगळं सांगते.

एनआयओएस म्हणजे केंद्र सरकारची मुक्त शाळा, 1989 पासनं आहे, आधी नॅशनल ओपन स्कूल म्हणायचे, 2002 ला नाव बदललं. सर्टिफिकेट बाकीच्या बोर्डासारखंच, पीयूसीला चालतं. दहावीला वय 14 पुरं पाहिजे, म्हणजे तुमच्या भाचीला अडचण नाही. पाच विषय घ्यायचे, त्यात भाषा एक किंवा दोन. एकदा नाव घातलं की पाच वर्षं चालतं आणि त्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, दोन आता दोन मग असं करता येतं. घरचं काम आणि शिवण सांभाळून शिकणाऱ्या मुलीला यासारखी सोय नाही बघा.

आणि एक, तिचं एसएसएलसीचं मार्क्स कार्ड जपून ठेवायला सांगा. ज्या विषयात ती पास आहे त्यातले दोन विषयांपर्यंत मार्क इकडं धरून घेतात, त्याला ट्रान्सफर ऑफ क्रेडिट म्हणतात, मग तीनच विषय उरतात. खरं ते प्रवेशाच्या वेळीच मागायचं, मागनं आठवून उपयोग नाही.

गणित घेतलंच पाहिजे असं तिथं नाही, त्याऐवजी होम सायन्स, पेंटिंग असलं काही घेता येतं. पोरीला विचारा पुढं काय करायचं आहे. डिप्लोमा, आयटीआय मनात असेल तर गणित-विज्ञान सोडू देऊ नका, पळवाट म्हणून सोडलं की पुढं दार बंद होतं. शिवणातच पुढं जायचं असेल तर एनआयओएसचे कटिंग-टेलरिंगचे व्होकेशनल कोर्सही आहेत, ते पण बघा.

आता आमचं वर्ष कसं गेलं ते. गावातल्या एकानं सांगितलं मी सगळं करून देतो, पैसे द्या, पास पण करून देतो. आम्ही दिले. त्यानं फॉर्मच वेळेत भरला नव्हता, आणि आमची पोर चार महिने अभ्यास करत बसली होती हो, परीक्षेला हॉल टिकीट आलंच नाही तेव्हा कळलं. तिचं रडणं अजून कानात आहे. तर फॉर्म एनआयओएसच्या वेबसाइटवर स्वतः भरायचा, पावती, नोंदणी नंबर, पासवर्ड सगळं भाचीच्याच हातात पाहिजे. एप्रिल-मेच्या परीक्षेला बसायचं तर नाव आदल्या वर्षीच घालावं लागतं, ऐनवेळी पळापळ चालत नाही.

घरातनं म्हणजे सगळंच घरातनं असं नव्हे हं. परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यायची. विज्ञानाला प्रॅक्टिकल असतं. आणि टीएमए म्हणजे हातानं लिहायचे असाइनमेंट, त्याला 20 टक्के मार्क, आमच्या पोरीनं ते किरकोळ म्हणून टाळलं होतं. प्रवेश घेताना जवळचं अभ्यास केंद्र निवडायचं, तिथं अधनंमधनं तास पण असतात, त्याला जायलाच लावा.

---

प्रेषक: निपाणीकर, मस्कत

काकूंनी छान सांगितलं. इथं आखातातही एनआयओएसचे विद्यार्थी आहेत, ओमानात परीक्षा होते, त्यामुळं आम्हाला ओळखीचं आहे. माझं म्हणणं भाषेपुरतं. दहावी मराठी माध्यमातनं करता येते, पुस्तकांच्या पीडीएफ वेबसाइटवर फुकट आहेत. बारावीला तसंच असेल धरून चालू नका, आधी बघून घ्या. माझ्या मते मराठी आणि इंग्रजी घ्यावं. आपल्या भागात मराठी शाळा टिकवायला बापजाद्यांनी काय सोसलंय ते सांगायला नको, घरातली मुलगी मराठीतनं दहावी झाली तर आनंदच आहे.

---

प्रेषक: वडगावची काकू

निपाणीकर, मराठीचं मला पण तेवढंच वाटतं, 1956 ला आपला मराठी भाग तिकडच्या राज्यात घातला तेव्हापासनं आम्ही तेच बघत आलोय. खरं मराठीबरोबर कन्नडही घेता येतं आणि ती मुलगी खानापुरात राहणार आहे, मस्कतला नाही. कर्नाटकात सरकारी नोकरीला कन्नड लागतंच. शाळेत शिकलेलं कन्नड तिला येत असणार, त्या विषयात पास असेल तर तेच क्रेडिट घेता येईल. मराठी जपायची तर मुलीचं नुकसान न करता जपू. तिलाच ठरवू द्या.

लॅपटॉपचं राहिलंच. मामा, आधी रेंजचं बघा. कणकुंबी-जांबोटीकडं जूनपासनं पाऊस धरला की वीज आणि नेट दोन्ही जातंय, लॅपटॉप नुसता कपाटात बसेल. छापील पुस्तकं आणि एक बरा मोबाइल पुष्कळ झाला, रेंज मिळेल तिथं व्हिडिओ उतरवून ठेवायचे. स्वयंप्रभा म्हणून सरकारचे शिक्षणाचे टीव्ही चॅनल आहेत, त्यांवर एनआयओएसचे तास लागतात, घरात डिश असली तर ते. पोरीला खरा आधार काय पाहिजे माहीत आहे काय, रोज ठरल्या वेळी कोणीतरी "आज काय केलंस गं" विचारणारं माणूस. आमची पोर दुसऱ्या वर्षी त्यानंच पास झाली, तिचे बाबा रोज जेवण झाल्यावर शेजारी बसायचे, त्यांना स्वतःला त्यातलं काही येत नव्हतं तरी.

---

प्रेषक: जांबोटीकडचा मामा

काकू, तुमचे उपकार. काल भाचीशी दीड तास बोललो, रेंजसाठी ती देवळाच्या टेकाडावर येऊन बसलेली. गणित घेणारच म्हणते, राहिलेलं सोडवायचंच आहे म्हणते. भाषा मराठी आणि कन्नड, दोन्हीत पास आहे, तेच दोन धरून घेऊ. मग गणित, विज्ञान आणि होम सायन्स. मार्क्स कार्ड बहिणीनं ट्रंकेतनं काढून ठेवलंय. फॉर्म ती स्वतः भरणार, मी फोनवर सोबत असणार. लॅपटॉपचे पैसे मोबाइलला आणि बेळगावला केंद्रावर जायच्या बसच्या पासाला.

गणित रोज संध्याकाळी मी घेतो, तिकडं आठ वाजले की माझी दुपार असते, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोनवर बसेन. विज्ञान मला विसरायला झालंय. मंडळात कोण घेईल काय, आठवड्यातनं दोन दिवस?

---

प्रेषक: निपाणीकर, मस्कत

विज्ञान माझ्याकडं. मंगळवार आणि शुक्रवार, तिकडचे रात्री साडेआठ. पाऊस पडून फोन लागला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत लावीन, तिला सांगून ठेवा.