मदत हवी आहे: भाषेत नवी सोय घालायची की नाही, हे कसं ठरवता?

अंत्रुजकर
गोव्यात फोंडा-डिचोलीकडच्या शाळांसाठी मराठी कीवर्डची (राखीव शब्दांची) एक छोटी प्रोग्रामिंग भाषा आम्ही तिघं सांभाळतो. प्रोग्राम चालवणारा इंटरप्रिटर पायथॉनमध्ये आहे, वाक्यरचना ओळखणारा पार्सर हाताने लिहिलेला. पडद्यावर रेघा काढणाऱ्या कासवाच्या आज्ञा कंसाविना चालतात: `पुढे ५०`. शिक्षकांच्या मागण्या साठल्यात: स्विच (एका किंमतीवरून अनेक पर्यायांतला एक निवडणं), लूपची चालू फेरी सोडायला `पुढे`, मजकुरात थेट व्हेरिएबल, आणि कोंकणी कीवर्ड. सर्वाधिक मतं स्विचला. मतांवर ठरवावं का?

पार्सरवाला
मतांवर नको. मागणाऱ्याकडून खरा कोड मागवा, आज लिहावा लागतो तसाच, १५-२० ओळींचा. स्विचवाल्यांपैकी बरेच जण बसभाड्याचे टप्पे लिहीत असतील. टप्प्यांना साधा स्विच चालतच नाही, तो नेमकी किंमत जुळवतो. तिथे `नाहीतर जर`चीच साखळी लागणार. महिन्याच्या आकड्यावरून नाव काढायचं असेल तर डिक्शनरी, म्हणजे आकडा-नाव अशा जोड्यांचा तक्ता, पुरते. पायथॉननेही स्विचचा प्रस्ताव, पेप ३१०३, २००७ मध्ये नाकारला होता.

साळावली
तो तर पायकॉन या पायथॉनच्या परिषदेतल्या भाषणात श्रोत्यांचा कौल घेऊनच नाकारला होता की!

पार्सरवाला
बरोबर, आणि नकाराला तेवढं पुरतं. नकार पुढे कधीही फिरवता येतो: २०२१ मध्ये ३.१० आवृत्तीत `मॅच` आलंच, तेही नुसती किंमत नव्हे तर डेटाची रचना जुळवणारं. दिलेली सोय मात्र परत घेता येत नाही, मुलांचे प्रोग्राम तिच्यावर उभे असतात. म्हणून होकाराचा पुरावा जड हवा.

साळावली
`पुढे` तर घालूच नका. कीवर्ड झाला की कासवाचे जुने प्रोग्राम मोडतील. पायथॉन ३.७ मध्ये `असिंक` राखीव झालं तेव्हा ते नाव पॅरामीटरला दिलेल्या लायब्ररी अशाच मोडल्या. "पुढे आकडा असेल तर कासव, नसेल तर फेरी सोड" असा तोडगा पार्सरमध्ये बसतो, पण मूल आकडा विसरलं तर आज जी चूक दाखवली जाते ती गायब होऊन फेरी गुपचूप सुटेल. शिकणाऱ्यांच्या भाषेत हे सगळ्यात वाईट. `फेरी_सोडा` घ्या.

घेण्याआधी साठवलेले सगळे प्रोग्राम जुन्या आणि नव्या पार्सरमधून काढा आणि दोन्ही सिंटॅक्स ट्री (पार्सरने काढलेली प्रोग्रामची रचना) ताडून बघा. नुसत्या शब्दशोधावर जाऊ नका, त्यात कॉमेंट आणि स्ट्रिंगमधलेही सापडतात.

अंत्रुजकर
आणि कोंकणी? ती मागणी नाकारणं इथे जड जातं.

पार्सरवाला
नाकारू नका, पण एका फाइलीत मिसळू देऊ नका. पहिल्या ओळीत `भाषा: कोंकणी`, त्यावरून लेक्सरने (मजकुराचे शब्द वेगळे करणारा भाग) कीवर्डचा दुसरा तक्ता उचलायचा, पार्सरला मिळणारे तुकडे म्हणजे टोकन तेच, पार्सरला पत्ताही लागत नाही. दोन्ही तक्ते कायम चालू ठेवलेत तर राखीव शब्द जवळजवळ दुप्पट आणि व्हेरिएबलची नावं तेवढी कमी. खरं काम चुकांच्या संदेशांचं आहे. ते कोंकणीत लिहून द्यायला माणूस मिळेपर्यंत सोय प्रायोगिक ठेवा, वेगळा फ्लॅग देऊनच चालणारी.

मजकुरातलं व्हेरिएबल खुशाल द्या, फक्त अवतरणाआधी खूण हवी, पायथॉनच्या एफ-स्ट्रिंगसारखी (तिथे अवतरणाआधी एफ, आणि व्हेरिएबल महिरपी कंसात). नाहीतर महिरपी कंस असलेल्या जुन्या स्ट्रिंगचा अर्थ बदलेल. आणि व्याकरणातला कुठलाही बदल वर्ष सुरू होण्याआधीच. छापलेल्या वह्या मध्येच बदलत नाहीत.

अंत्रुजकर
ठीक, स्विचला नकार. कारण आणि "टप्पे सोडून इतर गरजेचा कोड आला तर पुन्हा बघू" असं दोन्ही लिहून ठेवतो. देव बरें करूं.

साळावली
नव्या कीवर्डमध्ये `ऱ्य`, `ऱ्ह` टाळा. `दुसऱ्या` काही कीबोर्ड ऱ हे अक्षर वापरून लिहितात, काही र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एनएफसी (युनिकोडचं प्रमाण रूप) केलं तरी ते एक होत नाहीत. ते लेक्सरमध्ये स्वतः एक करावे लागतात, व्हेरिएबलच्या नावांसाठी तर आत्ताच.