तेलविहिरींनाही खाणींसारखी वार्षिक मर्यादा का नको?

खाणवाला_डिचोली
2014 साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खनिज उत्खननावर वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली. मग समुद्रातल्या तेलाला तसा आकडा का नाही? मुंबई हायने ऐंशीच्या दशकात दिवसाला चार लाख पिंपांपेक्षा जास्त तेल दिलं, आता त्याच्या निम्मंही येत नाही. ओरबाडलं म्हणून आटलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

चोक_वास्को
खाणवालेबाब, खनिज डोंगरात पडून राहतं. आज नाही काढलं तर दहा वर्षांनी तेवढंच मिळेल. तेल येतं ते साठ्यातल्या दाबावर, आणि तो दाबच जपायचा असतो.

विहिरीची चाचणी घेताना तोंडाशी आधी लहान चोक, म्हणजे प्रवाह आवळणारं अरुंद भोक लावतात, 16 नंबरचा, म्हणजे इंचाचे 16/64. प्रवाह स्थिरावला की तळाचा दाब टिपायचा, सेपरेटरवर तेल, पाणी आणि गॅस वेगवेगळे मोजायचे. मग 24, मग 32. काही टप्प्यांपर्यंत तेल वाढतं. पुढे चोक वाढवला तरी तेल जेमतेम वाढतं, गॅस मात्र उसळतो. याचा अर्थ तळाचा दाब इतका उतरला की तेलात विरघळलेला गॅस खडकातच सुटून तेलाची वाट अडवतोय. त्याच्या अलीकडे थांबायचं. खालून पाणी चढत असेल तर त्याहीआधी. किनाऱ्यालगतच्या बांयला (पाण्याच्या विहिरीला) दिवसरात्र पंप लावला की पाणी मचूळ होतं ना, तसंच.

हा आकडा प्रत्येक विहिरीचा वेगळा, आणि दरवर्षी बदलणारा. अख्ख्या क्षेत्राला एक मर्यादा घालून काय साधणार?

खाणवाला_डिचोली
म्हणजे मर्यादा असते, हे तुम्हीच सांगितलंत. ती ठरवतो कोण? ज्याच्या टेबलावर मार्चअखेरचं टार्गेट असतं तोच ना? आमच्याकडेही खाण-आराखडे होतेच की, कागदावर.

हिशेबी_फोंडा
दोघेही खर्चाबद्दल बोलतच नाही आहात. हेलिकॉप्टर, सप्लाय बोटी, गंज काढणं, माणसं: विहीर दिवसाला 300 पिंपं देवो नाहीतर 1500, हा खर्च जवळपास तेवढाच. खाऱ्या पाण्यात उभं असलेलं लोखंड काही तुमच्यासाठी थांबत नाही. फार हळू काढलंत तर प्लॅटफॉर्म आधी म्हातारा होईल आणि तेल खालीच राहील. ही कुठली शाश्वतता?

शिवाय मुंबई हायमध्ये 1984 पासून पाणी आत सोडून दाब सावरला जातोय. सगळी घट ‘ओरबाडलं’ म्हणून झाली हे मला पटत नाही. 1976 पासून चालू असलेलं क्षेत्र उतरणारच.

वेळसावची_सून
कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-6 चं काय झालं ते आठवा. तिथे गॅस होता, पण धडा तोच. दिवसाला 8 कोटी घनमीटरचा बेत होता, 2010 मध्ये 6 कोटींच्या आसपास पोचले, आणि तीन-चार वर्षांत पाव हिश्शावर आले. कंपनी म्हणाली भूगर्भ अवघड निघाला, हायड्रोकार्बन महासंचालनालय म्हणालं ठरलेल्या विहिरीच खणल्या नाहीत. भांडणात कोण खरं ते बाजूला ठेवा. सुरुवातीच्या थोड्या माहितीवर पंधरा-वीस वर्षांचा अंदाज बांधला की असं होतं.

चोक_वास्को
हे मान्य. दोन-चार दिवसांच्या चाचणीत दाबाची लाट साठ्याच्या कडेपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे साठा केवढा हे त्यातून कळत नाही. विहिरीचं उत्पादन कसं उतरत जाईल ते दाखवणारा घटीचा आलेखही तसाच. त्याचं सूत्र 1945 पासून वापरात आहे, पण पहिल्या काही महिन्यांवर रेघ ओढली तर ती तुम्हाला हवी तिकडे जाते. म्हणून माझा आग्रह वार्षिक मर्यादेचा नाही. दरवर्षी विहिरी काही काळ बंद ठेवून दाब मोजा, आणि क्षेत्रनिहाय आकडे लोकांपुढे ठेवा.

हिशेबी_फोंडा
बंद ठेवलेल्या दिवसांचं तेल कुणाच्या खात्यात धरायचं?

चोक_वास्को
देखभालीसाठी प्लॅटफॉर्म तसाही थांबतोच की हो. दाब मोजायचं गेज तेव्हाच विहिरीत उतरवा.

खाणवाला_डिचोली
आकडे उघड करणार असाल तर मर्यादेचा हट्ट मी सोडतो. पण ते ठरवणाऱ्याने टार्गेट ठरवणाऱ्याच्या हाताखाली काम करायचं नाही, ही अट राहील.