डोंबिवलीहून सांगलीत येतोय, मुलीच्या नववीसाठी शाळा निवडायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जूनपासून आम्ही डोंबिवली सोडून सांगलीत राहायला येतोय. मिस्टरांना कुपवाड एमआयडीसीत काम मिळालंय, आणि सासूबाईंना आता एकटं ठेवण्यासारखी परिस्थिती नाही. माझं माहेर ठाण्याकडचं. सांगली माहीत आहे ती गणपती मंदिर, आयर्विन पूल आणि लग्नकार्यापुरती.

मुलगी आठवी पास झाली. मराठी माध्यम, सेमी इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. हिंदी-संस्कृत संयुक्त घेतलंय. चित्रकलेची एलिमेंटरी ग्रेड परीक्षा झाली आहे, यंदा इंटरमिजिएट द्यायची आहे. आणि मुख्य म्हणजे एनएमएमएस या सरकारी शिष्यवृत्तीच्या निवड यादीत तिचं नाव आलंय. वर्षाला 12,000 रुपये, नववी ते बारावी. आमच्या घरात ही रक्कम लहान नाही, आणि तिने ती स्वतः मिळवली आहे याचं तिला जास्त अप्रूप आहे.

घरात दोन मतं आहेत. मोठे दीर म्हणतात, "आता येतायच तर पोरीला विश्रामबागेत इंग्लिश मीडियमला घाला, फीचं मी बघतो." प्रेमाने म्हणतात, पण नववीत माध्यम बदलायचं म्हणजे मला धडकीच भरते. दोन वर्षांत दहावी! सासूबाईंचं म्हणणं, गावातली जुनी मुलींची शाळा बरी. पुरोहित कन्या आणि राणी सरस्वतीदेवी कन्याशाळा ही नावं त्यांच्याकडूनच ऐकली. लेक स्वतः काही बोलत नाही. फक्त "तिथे चित्रकलेचे सर असतील ना?" एवढंच विचारते.

सासूबाईंचं घर गावभागात आहे. 2019 च्या पुरात तळमजला पूर्ण पाण्यात होता. त्यामुळे तिथेच राहायचं की विश्रामबागेकडे भाड्याने बघायचं, हेही ठरत नाही. शाळा आधी ठरवू की घर? निकालाचे फ्लेक्स सगळ्यांचेच मोठे आहेत, त्यावरून काही कळत नाही. शाळेत गेल्यावर नेमकं काय विचारायचं ते सांगाल का?

हळदबाजार:
ताई, स्वागत आहे सांगलीत. माध्यम बदलू नका. माझ्या भाच्याचं नववीत बदललं होतं, पहिली सहामाही नुसती इतिहासाचे धडे समजून घेण्यात गेली. पोरगं हुशार होतं म्हणून निभावलं. तुमच्या मुलीचं गणित-विज्ञान इंग्रजीतून आहेच, अकरावी सायन्सला तेवढं पुरतं.

घराचं म्हणाल तर विश्रामबाग उंचावर आहे, पण "विश्रामबागेजवळ" म्हणून एजंट काय काय दाखवतात ते बघून घ्या. शामरावनगरकडे नदीचं पाणी नको, नुसता पाऊस लागून राहिला तरी रस्त्यावर तळं होतं.

जुना मास्तर:
एका अनुदानित शाळेत बरीच वर्षं शिकवलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट एनएमएमएसची, कारण ती कुणी वेळेवर सांगत नाही. ही शिष्यवृत्ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठीच आहे. विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलंत तर दीर फी भरतीलही, पण शिष्यवृत्ती गेली. शाळेत "अनुदानित आहे का" एवढंच विचारून थांबू नका. "माझी मुलगी ज्या तुकडीत बसणार ती तुकडी अनुदानित आहे का" असं विचारा. एकाच इमारतीत काही तुकड्या अनुदानित आणि काही विनाअनुदानित असतात. सेमीची नेमकी कुठली आहे ते मुख्याध्यापकांकडूनच ऐका. ऑफिसातल्या क्लार्कच्या "असेल की" वर जाऊ नका.

दुसरं, निवड यादीत नाव आलं म्हणजे पैसे आपोआप येत नाहीत. नववीत नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर नवीन अर्ज भरावा लागतो आणि पुढे दर वर्षी नूतनीकरण. अर्ज नव्या शाळेतूनच जाणार, पडताळणीही तीच करणार. म्हणून विचारा, हे काम शाळेत कोण बघतं? ज्या शाळेत पटकन एका शिक्षकाचं नाव सांगतात तिथे काम होतं. मुलीच्या नावाचं बँक खातं आधारशी जोडलेलं ठेवा.

तिसरं, दाखला. हातात एल.सी. मिळाली तरी ऑनलाइन नोंद सरकवावी लागते. नवी शाळा विनंती पाठवते, जुन्या शाळेने ती मान्य करायची. सुट्टीत तिकडे कुणी बघत नाही. डोंबिवली सोडण्याआधी तिथल्या क्लार्कचा नंबर घेऊन ठेवा. दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षराअक्षराने जुळवा, दहावीच्या फॉर्मला तेच आडवं येतं.

आणि घाबरू नका. अनुदानित शाळांची शिक्षकांची पदं पटावर ठरतात. नववीत येणाऱ्या विद्यार्थ्याला सहसा परत पाठवत नाहीत. सेमीची तुकडी भरलेली असू शकते, तेवढी अडचण.

मिरजवाला:
मास्तरांनी सगळं सांगितलंच. एक राहिलं. संस्कृत संयुक्त आहे का, ते वेळापत्रक मागून बघा. काही ठिकाणी पूर्ण हिंदी किंवा पूर्ण संस्कृत एवढंच असतं. मग नववीत विषय बदलायची वेळ येते.

चित्रकलेबद्दल मुलीने बरोबर प्रश्न विचारलाय. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला 7 गुण वाढतात, बीला 5, सीला 3. पण शाळेत कलाशिक्षक नसेल तर फॉर्म कोण भरणार आणि सराव कोण घेणार? कलाशिक्षकाची जागा रिकामी असलेल्या शाळा आहेत.

धागाकर्ती:
मास्तर, तुमचे खूप आभार. तुकडीचं मला माहीतच नव्हतं. दिरांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग फीऐवजी सायकल घेऊन देतो." म्हणजे तो प्रश्न मिटला!

राहिलं घराचं. गावभागात राहिलो तर शाळा पायी, सासूबाईंची सोय. पण ऑगस्टमध्ये काय करतात तिथले लोक?

कृष्णाकाठची:
मी गावभागातलीच. आमच्याकडे पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न "आयर्विनला किती फूट?", म्हणजे पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलंय. 40 फूट इशारा पातळी, 45 धोका. 2019 ला 57 च्या वर गेलं होतं. पण दर वर्षी तसं होत नाही. 40 च्या आसपास आलं की आम्ही तळमजल्यावरचं सामान वर न्यायला लागतो, कागदपत्रांची पिशवी दाराशी तयार असते. शाळा तेव्हा बंदच असतात, पुराचं पाणी न आलेल्या शाळांत पूरग्रस्त राहायला आणतात. त्यामुळे पुरासाठी लांबची शाळा घेण्यात अर्थ नाही. घर मात्र वरच्या मजल्यावर बघा. सासूबाईंना जिना चढवत असेल तर गावभागातच माडीवर राहा, नाहीतर विश्रामबाग आणि मुलीला सायकल. सांगली सपाट आहे, सायकलला त्रास नाही. कॉलेज कॉर्नरला संध्याकाळी गर्दी असते तेवढी सांभाळायची.

धागाकर्ती:
सासूबाईंचे गुडघे बघता माडी अवघड आहे. म्हणजे विश्रामबागेकडेच बघावं लागेल, तळमजला पण उंचावरचा. पुढच्या आठवड्यात येतोय. दोन्ही कन्याशाळांत जाऊन तुकडी, संयुक्त संस्कृत आणि कलाशिक्षक हे तीन प्रश्न विचारते. मास्तर, जाताना गुणपत्रक आणि एनएमएमएसच्या निकालाची प्रत पुरेल, की बोनाफाईडही आत्ताच मागून घेऊ?

जुना मास्तर:
घेऊन ठेवा. मूळ एल.सी. मात्र प्रवेश नक्की झाल्याशिवाय काढू नका.