युद्धावरून परतलेल्या सैनिकाची टोचणी : आजार, कमजोरी की आपल्या सर्वांची जबाबदारी?

शाहूपुरीकर (धागाकर्ता)

कोल्हापूर जिल्ह्यातील फौजेची परंपरा इतकी मुरलेली आहे की शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी हे गाव तिच्याच नावाने ओळखले जाते. हुतात्म्यांची स्मारके आपण उभारतो, जायबंदी जवानांच्या मदतीला धावतो. मात्र जो धडधाकट परतला, पण आपल्या हातून घडलेल्या किंवा डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीबद्दल स्वतःला क्षमा करू शकत नाही, त्याची विचारपूस कोणी करत नाही. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांवर बोस्टनमध्ये उपचार करणारे जोनाथन शे यांनी १९९४ साली या अवस्थेला नैतिक आघात म्हटले आणि जीवनमरणाच्या प्रसंगी वरिष्ठांनीच न्याय्य वाट सोडणे, हे तिचे मूळ मानले. पुढे २००९ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रेट लिट्झ व सहकाऱ्यांनी स्वतः केलेली, रोखू न शकलेली आणि नुसती पाहावी लागलेली कृत्येही त्यात धरली. १९८० पासून अधिकृत निदान ठरलेल्या पीटीएसडीमध्ये, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर जडणाऱ्या मानसिक ताणविकारात, प्रामुख्याने भीती ठाण मांडून बसते. नैतिक आघातात अपराधभाव आणि शरम असते. माझ्या मते ही टोचणी म्हणजे बिघाड नव्हे. सदसद्विवेक शाबूत असल्याखेरीज ती होत नाही, आणि तिचा भार सैनिकाला पाठवणाऱ्या समाजानेही उचलला पाहिजे.

सुभेदार (निवृत्त), गडहिंग्लज

आपला हेतू चांगला असला, तरी हे म्हणणे मला मान्य नाही. १९९९ साली कारगिलमध्ये आपल्या भूमीवर घुसलेल्यांना हुसकावणाऱ्या जवानाने कशाची खंत बाळगायची? व्हिएतनाम आणि इराक ही दुसऱ्यांच्या देशात जाऊन लढलेली युद्धे होती, त्यांची दुखणी आमच्या माथी मारू नका. चकमकीत जवान पापपुण्याचा हिशेब करत बसला, तर शेजारचा जोडीदार प्राणाला मुकतो. शिवाय भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोरांच्या आईवडिलांनी हे वाचून काय समजायचे?

शाहूपुरीकर

सुभेदारसाहेब, कारगिलबाबत आपले म्हणणे मला मान्य आहे. परंतु आपली फौज १९८७ साली शांतिसेना म्हणून श्रीलंकेत गेली, ज्या तमिळ जनतेच्या रक्षणासाठी गेली तिच्याच वस्त्यांमध्ये ऑक्टोबरपासून तिला तमिळ वाघ या बंडखोर संघटनेशी जाफन्याची लढाई लढावी लागली, आणि समोरचा लुंगीतील माणूस शेतकरी की बंदूकधारी, हे क्षणार्धात ठरवावे लागले. सुमारे बाराशे जवान गमावून १९९० च्या मार्चमध्ये ती परतली, तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी मद्रासच्या बंदरावर स्वागतालाही गेले नाहीत. वरिष्ठांनी वाऱ्यावर सोडल्याची जी भावना शे सांगतात, ती आपल्या जवानाला परकी कशी असेल? आणि हे दुखणे परदेशी म्हणावे, तर शांतिपर्वातील युधिष्ठिराचे काय? जिंकलेले राज्य त्याला नकोसे झाले होते. भावांनी, द्रौपदीने, व्यासांनी क्षात्रधर्म सांगूनही त्याचा शोक सहजी शमला नाही.

संभाजीनगर, कोल्हापूर

मला भीती वेगळीच वाटते. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाय येथे अमेरिकी सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकऱ्यांना ठार मारले आणि दोषी ठरला तो एकटा लेफ्टनंट कॅली. मारणाऱ्यालाच जखमी म्हटले, की मेलेल्यांच्या नातलगांची दाद कोणी घ्यायची? त्याच दिवशी ह्यू थॉम्पसन या वैमानिकाने गावकरी आणि सैनिक यांच्या मध्ये हेलिकॉप्टर उतरवून काही जीव वाचवले होते, म्हणजे नकार देणे शक्य होते. सहानुभूती जरूर द्यावी, पण चौकशीच्या बदल्यात नव्हे.

कागलची सून

चौकशी व्हावी, हे मलाही पटते. पण ज्याच्यावर कोणताही आरोप नाही, त्याचे काय? माझे सासरे श्रीलंकेत होते. पंधरा ऑगस्टला शाळेतून शाल-श्रीफळ घेऊन मंडळी येतात, तेव्हा ते मागच्या दाराने शेताकडे निघून जातात. अंबाबाईला आम्ही सगळे जातो, पण ते महाद्वाराशी चपला राखत उभे राहतात आणि तिथूनच हात जोडतात. आत चला म्हटले की "तुम्ही जाऊन या" एवढेच म्हणतात. एका डॉक्टरांनी त्यांना समजावले, की तुम्ही हुकूम पाळलात, तुमची काही चूक नाही. ते पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत. त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याआधीच निकाल दिला गेला होता, मग तो निर्दोष असल्याचा का असेना.

सुभेदार (निवृत्त), गडहिंग्लज

ताई, आपल्या सासऱ्यांसारखी माणसे मी पाहिलेली नाहीत, असे मी म्हणणार नाही. तरीही हा विषय चारचौघांत मांडण्यास माझा विरोध कायम आहे. जो त्या चिखलात उभा राहिला नाही, तो ऐकताना एक तर भारावून जातो, नाही तर न्यायाधीश होतो, आणि दोन्हींचा उपयोग नाही. त्यांच्याच पलटणीतील कोणी हयात असेल, तर त्याला घरी बोलवा. पलटणीच्या स्थापना दिवसाला त्यांना घेऊन जा.

कागलची सून

काका, पलटणीचे निमंत्रण दरवर्षी येते आणि ते कपाटात ठेवून देतात. त्यांचे एक जोडीदार सांगलीकडे राहतात, त्यांना मी या आठवड्यात फोन करते. मात्र आम्ही घरच्यांनी काहीच ऐकायचे नाही, हे मला मान्य नाही, कारण रात्री ओसरीवर बसलेल्या त्या माणसाबरोबर राहतो ते आम्हीच.