मदत हवी आहे: अमेरिकेतल्या बास माशाचे नियम आपल्या मरळीला लागू पडतात का? (कोल्हापूर)

मंडळी, तीन रविवार झाले, हात हलवत घरी येतोय. बायकोनं आता मसाला वाटून ठेवायचंही बंद केलंय.

झालं असं की मावसभाऊ टेक्सासला असतो. दिवाळीत आला तेव्हा त्यानं स्पिनिंग रॉड, रील आणि डबाभर रबरी बेडूक माझ्या गळ्यात मारले. तिकडं तो लार्जमाउथ बास धरतो. हिरवट अंग, कुशीवरून काळपट पट्टा आणि तोंड असं की जबडा डोळ्याच्याही मागं जातो. गवताच्या आडोशाला दबा धरायचा आणि समोरून जाईल ते गिळायचं. मला वाटलं, ही तर आपली मरळच की! म्हणून त्याची फोनवर शिकवणी लावली आणि वही केली.

वहीतलं थोडक्यात: पाणी १० अंशांच्या खाली गेलं की बास सुस्तावतो. वसंतात १५-१६ अंशांना नर काठाजवळ घरटं करतो आणि अंडी राखत बसतो. पाणी तिशीला टेकलं की दिवसा सावलीत नाहीतर खोलात, आणि खाणं पहाटे-संध्याकाळी. ढगाळ हवा चांगली, लख्ख ऊन वाईट. थोडा वारा असलेला बरा. आणि भाऊ ज्याची शपथ घेतो ते म्हणजे हवेचा दाब. वादळ यायच्या आधी दाब उतरताना मासा वेड्यासारखा खातो, वादळ सरून निळं आभाळ झालं की दोन दिवस तोंड मिटून बसतो.

आता माझा हिशेब. जागा करवीर तालुक्यातला एक पाझर तलाव. ठेकेदाराला विचारूनच बसतो. पश्चिमेला केंदाळ (जलपर्णी), पूर्वेला दगडी भराव. मी भरावावर, कारण तिथं गाडी जाते.

पहिला रविवार: सकाळी १० ते १. लख्ख ऊन, पाणी वरवर ३१ अंश (पोराच्या फिशटँकचा थर्मामीटर दोरीला बांधून सोडला). शून्य.

दुसरा रविवार: मोबाइलवर बघितलं तर सकाळी दहापासून चारपर्यंत दाब सरळ ३ हेक्टोपास्कलनं उतरला. मी खूश. शून्य.

तिसरा: शनिवारी रात्री वळीव कोसळला, गाराही पडल्या. रविवारी ७ वाजता पोचलो तर पाणी चहासारखं, आणि कटले सगळीकडं वर तोंड काढून आ-आ करतायत. म्हटलं भुकेजलेत, आज काम झालं. एकानंही ढुंकून बघितलं नाही. शेजारी एक शाळकरी पोरगं बांबूच्या काठीला गांडूळ लावून चिलापीची पिशवी भरून गेलं. जाताना मला "काका, लागलं का काय?" विचारून गेलं, ते जास्त लागलं.

तर माझं चुकतंय काय? हवामान, जागा, का बेडूक?

---

पाणकावळा:
दाबाचं आधी मिटवतो. आपल्या पट्ट्यात हवेचा दाब रोजच साधारण दहाला वर असतो आणि चारला खाली येतो, फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा. वादळ असो वा नसो. तुम्ही दुसऱ्या रविवारी बघितलात तो रोजचाच चढउतार.

आणि पाण्यात १ हेक्टोपास्कल म्हणजे जेमतेम १ सेंटिमीटर खोली. मासा वीतभर खाली-वर झाला तरी तुमच्या त्या अख्ख्या दिवसापेक्षा जास्त फरक सोसतो. भावाच्या टेक्सासात दाबाबरोबर ढग, वारा, उजेड, गारवा सगळंच बदलतं. मासा त्याला हलतो आणि नाव मात्र दाबाचं होतं, असं माझं मत. मानायचं तर माना.

तांबडा_पांढरा:
सोपा उपाय सांगू? येताना मासळी बाजारातून जिवंत मरळ घ्या आणि घरी सांगा लागली म्हणून. टबातली बघून घ्या, वळवळते. 😄

केटीबंधारा:
हसू नका, त्या टबातच उत्तर आहे. इंचभर पाण्यात मरळ तासन्‌तास कशी जगते? ती हवा पिते. कल्ले असतात, पण नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही, वर येऊन घोट घ्यावाच लागतो. जाळ्यात पाण्याखाली अडकून राहिली तर मासा असूनही बुडून मरते. बासचं तसं नाही, तो सगळा प्राणवायू पाण्यातूनच घेतो. दिसायला दोघं एकाच तालमीतले, पण तुमच्या वहीतलं निम्मं गणित इथंच फिरतं.

तिसऱ्या रविवारी कटले भुकेले नव्हते हो, गुदमरत होते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू मावतोच कमी. २० अंशांना लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० ला साडेसात. त्यात वळवानं शेतातला गाळ, शेण, पालापाचोळा आत आणला, तो कुजायला आणखी प्राणवायू खातो. रात्री शेवाळंही प्राणवायू तयार करत नाही, उलट खर्च करतं. म्हणून पहाटे सगळ्यात वाईट हालत. अशा वेळी कटला-रोहूच्या नादाला लागू नका. नदीत मळीचं पाणी आलं की बंधाऱ्यावर हेच दिसतं, फक्त दुपारपर्यंत तेच मासे उताणे होऊन तरंगतात.

पण मरळीला त्याचं काय? ती केंदाळाखाली निवांत, जिथं दुसरा मासा टिकत नाही. आणि तुम्ही बसलाय समोरच्या भरावावर.

धागाकर्ता:
म्हणजे गाडीच्या सोयीनं मासा धरत होतो. कबूल. पण मग वारा? भाऊ म्हणतो ज्या काठाला वारा लागतो तिथं बस. आता पश्चिमेचा वारा, म्हणजे माझाच काठ आला की.

केटीबंधारा:
नियम बरोबर आहे, मासा चुकीचा. वाऱ्यानं वरचं पाणी, बारीक जीव तुमच्या काठाला ढकलले जातात, मागोमाग चिलापी येते. त्या पोराची पिशवी उगाच भरली नाही. मरळीला मात्र वाऱ्याआडचं शांत पाणी द्या, बुडबुडे तिथंच दिसतात.

आबा_चिखलीकर:
पोरा, यंत्रं ठेव बाजूला. पहाटे जा, गाडी लांब लाव, पाय न आपटता चाल. काठावर धपधप केलंस की तिला कळतंय. केंदाळाच्या कडंला पंधरा मिनिटं नुसता बस. बुळुक असा आवाज येतोय आणि एकच गोल उठतोय, ती मरळ. चिलापीचं पाणी फुटतंय, मरळीचं उमलतंय. बघितल्यावर समजंल.

गोलावर टाकू नकोस, पळंल. पलीकडं हातभर टाक आणि बेडूक केंदाळावरनं सरकवत मोकळ्या पाण्यात आण, थांबव, परत हलव. पाणी गढूळ असंल तर काळा बेडूक घे, खालनं बघताना सावली ठळक दिसती. धडका बसला की लगीच ओढू नकोस. राम म्हण, कृष्ण म्हण, मग झटका दे.

आणि एक. मिरग जवळ आलाय. पाण्यात तांबड्या पिलांचा घोळका वर-खाली करताना दिसला तर त्याखाली आई-बाप असत्यात. बेडकावर हमखास तुटून पडत्यात, भुकेनं न्हवं, पिलांसाठी. ती धरायची न्हाईत. धरलीस तर घोळका दुसरे मासे तासाभरात संपवत्यात. चढणीच्या माशांचंही तेच, पोटात गाभोळी घेऊन येत्यात ते.

धागाकर्ता:
आबा, तुमचं ऐकलं. आज पहाटे ५.४० ला केंदाळाच्या बाजूला. ढगाळ, वारा पडलेला, पाणी २८ अंश (थर्मामीटर नेलाच, माफ करा). वीस मिनिटांत तीन ठिकाणी बुळुक. पहिल्या धडक्याला राम म्हणायच्या आधीच ओढलं, बेडूक उडून माझ्याच टोपीवर. दुसरी जागा पलीकडच्या बाभळीखाली. तिथं मनात मोजलं, ओढलं, आणि काठी कमानीसारखी वाकली. काळी पाठ, पोटाकडं पांढरट, साधारण दीड हाताची. अर्ध्यावर आली आणि केंदाळाच्या मुळांत शिरली. मी ताणलं, दोरा तुटला. बेडूक गेला, मरळ गेली.

भावाला फोन केला. तो पहिलं काय विचारतो, "दाब किती होता?"

पिलांचा घोळका कुठं दिसला नाही, ते आधी नीट बघितलं होतं. आता एवढंच सांगा: माझा तंगूस (नायलॉनचा दोरा) बारा पौंडांचा होता. केंदाळात वेणीचा दोरा लागणार हे कळलं, पण किती पौंडी घेऊ, आणि कोल्हापुरात मिळंल का पुण्याहून मागवू?