मदत हवी आहे : व्हॉलीबॉल आतून खराब झालाय हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. तासगावजवळ शाळेच्या मैदानावर मुलामुलींना व्हॉलीबॉल शिकवतो. मैदान मुरमाड, त्यामुळे बॉल लवकर झिजतात. वरचं घासलेलं पॅनल (बाहेरच्या आवरणाचा तुकडा) लगेच दिसतं, ते बॉल सरावाला काढतो. अडचण आहे ती वरून धडधाकट दिसणाऱ्या बॉलची. काही बॉल टॉपस्पिन (पुढच्या दिशेनं फिरकी दिलेल्या) सर्व्हिसलासुद्धा हवेत डुगडुगतात आणि पास करणारी पोरं उगाच स्वतःला दोष देतात. ते मला फार लागतं.

आतापर्यंत केलेलं असं : गेज लावून नियमाप्रमाणे 0.30 ते 0.325 किलो प्रति चौ. सेंमी हवा भरली. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडलं, बुडबुडे नाहीत. वजन 260 ते 280 ग्रॅमच्या आतच. शिवणटेपनं घेर मोजला तर एका बॉलचा व्हॉल्व्हवरून 67 सेंमी भरतो, आडवा 66. म्हणजे 65 ते 67 च्या नियमात दोन्ही बसतात, पण बॉल गोल नाही! त्याच बॉलला एका जोडाशेजारी सुपारीएवढा फुगवटा आहे. हवा कमी केली की तो बसतो.

पॅनल चिकटवलेले आहेत, शिवलेले नाहीत, त्यामुळे उसवून बघता येत नाही. बॉल उन्हात ठेवत नाही. महागडं उपकरण परवडणार नाही.

हा फुगवटा ब्लॅडरभोवतीचं (आतल्या हवेच्या पिशवीभोवतीचं) दोऱ्याचं वेष्टण तुटल्याचा, की नुसतं पॅनल सुटल्याचा? आणि दोन घेरांत किती फरक दिसला की बॉल सामन्यातून बाद करावा?