मदत हवी आहे: 'हॅन्सेल अँड ग्रेटेल: विच हंटर्स'ची मोठी आवृत्ती

टॉमी विर्कोलाचा २०१३चा हा सिनेमा मला थिएटरमधल्या ८८ मिनिटांच्या नव्हे, तर साधारण दहा मिनिटांनी मोठ्या रूपात पाहायचाय. लहानपणी चेटकिणीने बळेबळे गोड खाऊ घातल्याने आजारी पडलेला, वेळेवर सुई टोचून घेणारा हॅन्सेल, ही कल्पनाच मला फार आवडते! ऑनलाइन भाड्याने मिळाला तो ८८ मिनिटांचाच. लॅमिंग्टन रोडला दोन दुकानांत विचारलं, नाही म्हणाले. परदेशातून ब्लू-रे मागवायची तयारी आहे, पण माझा प्लेयर इथलाच, रीजन सीचा (ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे भाग केलेत; भारत सीमध्ये, अमेरिका एमध्ये). डिस्क रीजन एची निघाली तर पैसे वाया. डाउनलोडच्या लिंका नकोत. मोठ्या आवृत्तीची अमेरिकन डिस्क कुणी इथल्या प्लेयरवर लावून पाहिलीय का, चालते का?